इनासचा तारा

वसईच्या प्रयोगशाळेत डॉ. फिलोमिना तुस्कानो टेबलावरच्या काळ्या पडलेल्या पेटीकडे बघत बसली होती. नाताळ परवावर आला होता आणि गावच्या चर्चच्या रोषणाईचा नियंत्रक जळाला होता.

पेटी तिच्या वडिलांची. इनास तुस्कानो बटणांवर बोटं नाचवून नाताळच्या गाण्यांवर दिवे असे खेळवायचे, की केळीच्या वाड्यांपलीकडून माणसं बघायला यायची. काम आटोपलं की घंटाघरावरचा तारा ते दोनदा लुकलुकवत. घरी आईला खूण कळायची : निघालो, कालवण तापत ठेव.

बोटं थरथरू लागली, तेव्हा लेकीने त्यांचा ताल शिकणारी ही पेटी बनवली. यंदा पावसाळ्यात इनास गेले. आईचं एकच मागणं होतं, "तो तारा एकदा बघू दे मला."

"पण मॅडम, अतिभार अडवायला रक्षक होते ना?" प्रयोगशाळेत नवा आलेला अभिराम गुर्जर म्हणाला.

"होते की. वीज पेटीत शिरते तिथे, प्रत्येक माळेमागे एक. स्टॉल, भोंगे, सगळं एकाच लाइनवर. विजेचा दाब उसळला की रक्षक आपला रोध वाढवून त्याला थोपवायचे. यंदा उत्साही मंडळींनी दिव्यांच्या बाजूने जनरेटर जोडला. पुढच्या दाराला पहारा, नि चोर शिरला परसातून!"

"आणि आतली स्मृती?"

"आत स्मृतिरोधक आहेत. जो प्रवाह वाहतो, त्याची खूण त्यांच्यात उरते. चालून चालून पायवाट पडते ना, तशी. पूर आला, वाट गेली." तिला वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं.

अभिरामने कोरा नियंत्रक आणला आणि धड राहिलेले जुने रक्षकच त्याला जोडले. ताल नाही तर नाही, निदान दिवे तरी लागतील.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या आवारात फिलोमिनाने बटण दाबलं. माळा क्षणभर एकसारख्या उजळल्या आणि मग नाचू लागल्या. मधेच अडखळणारा तो ठेका इनासच्या अनामिकेचा होता. फिलोमिना ओठ चावत रडू लागली.

"कोऱ्या पेटीत हे आलं कुठून?" अभिराम चक्रावला. "मॅडम, रक्षक कशाचे बनवले होते?"

"स्मृतिरोधकांचेच. तेच हाताशी होते."

"मग झालं! पेटीत शिरलेला सगळा प्रवाह आधी यांच्यातूनच गेला. तुम्ही पहारेकरी ठेवलात, ते सगळं ऐकत बसले होते."

गाणी संपली. घंटाघरावरचा तारा दोनदा लुकलुकला.

लगेच फोन वाजला. "फिलू, पाहिलास? गेले तरी हट्ट सोडला नाही ह्यांनी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!" आई हसत होती आणि नाकही ओढत होती. "मी वेडी, सवयीने कालवण तापत ठेवलं बघ. आता तू तरी ये, निवायच्या आत."