तानुबाईंची कॅसेट

लाइट येईस्तोवर सांगतो. ते मोबाइल ठेवा खाली. खोटं वाटलं तर जयसिंगला विचारा, माझ्याच वर्गातला, अजून चिंचवडातच राहतो.

त्याच्या वडिलांनी, सोनबांनी, बासष्ट साली स्टेशनजवळ रेकॉर्डचं दुकान टाकलं. सोनबा आणि तानुबाई, दोघं नवराबायको बसायचे. खोलीवर एकटी राहणारी पोरं शिफ्ट सुटली की तिथं नुसती ऐकत उभी राहायची, तानुबाईंनी कधी कुणाला हुसकावलं नाही. ऐंशीच्या सुमाराला लोक कॅसेटी भरून मागायला लागले. जयसिंगनं भरायचं मशीन आणलं, तपासायला आईला बोलायला लावलं, तर बाई अर्धा तास रेकॉर्डींवरच्या धुळीवरून बडबडल्या. एक्याऐंशीच्या दिवाळीत त्या गेल्या. सोनबा रोज रात्री ती बडबड ऐकूनच जेवायचे.

कॅसेटवर नाव नव्हतं. आबांना, म्हणजे सोनबांना, कशाला लागतंय नाव? आणि संक्रांतीच्या आधीच्या गर्दीत जयसिंगनं तिच्यावरच गाणी भरून देऊन टाकली, देहूरोडच्या मधुसूदन नावाच्या गिऱ्हाइकाला. सोनबांनी अन्न सोडलं. पोराला शब्दानं बोलले नाहीत.

ब्याऐंशी साल, भोगीचा बुधवार. चौथा उपास. जयसिंगनं सायकल काढली, रात्री साडेनऊला देहूरोडला पोचला. आवाज पुसला गेलाय हे त्याला पक्कं माहीत होतं. निदान कॅसेट तरी आबांच्या हातात द्यावी, एवढंच.

मधुसूदन एका खोलीत एकटाच. कॅसेट हातात घट्ट धरून म्हणाला, "भाऊ, गाणी छान भरलीत. मधे त्या बाई बोलतात, त्या कोण?"

"काय बोलतात?"

"मधू, जेवलास का रं... रोज विचारतात. मधू माझं घरचं नाव. इथं कुणालाच ठाऊक नाही."

जयसिंगनं तिथंच लावून ऐकली. दोन्ही बाजू. गाणी, फक्त गाणी.

शेवटी दिली मधुसूदननं. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आता मला कोण विचारणार?" जयसिंगला मान वर करता येईना.

तो घरी आला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. सोनबांनी कॅसेट घेतली. आतून कडी लावली.

जयसिंग बाहेर बसला. गाणं संपलं. दुसरं लागेपर्यंत शांतता... जरा लांबलीच.

मग आबांचा आवाज. "व्हय."

शांतता.

"पोरावर न्हाई रागावलो."

पुन्हा शांतता...

"बरं. उठतो."

कडी निघाली. सोनबा सरळ चुलीकडं गेले, भोगीची भाजी गारच वाढून घेतली, भाकरी कुस्करली. जयसिंग भिंतीला टेकून रडला.

सकाळी त्यानं कॅसेट लावली. पहिलं गाणं. मग शांतता. मग आबांचा आवाज, "व्हय."

मी स्वतः ऐकलंय. पुढचं सगळं आहे तिच्यात, त्या मोकळ्या जागांसकट. आणि आबांच्या खोलीतलं मशीन नुसतं वाजवायचं होतं, पोरांनो... त्यात भरायची सोयच नव्हती.