उजळलेला चौकोन

समुद्र रिकामा आहे, गस्तीच्या बोटी नाहीत, असं रऊफला कुणीतरी सांगितलं. ज्यानं सांगितलं तो आज आपल्या घरी पोटभर जेवत असेल. माझा भाऊ मात्र अल्जीरियातल्या आमच्या अन्नाबाच्या किनाऱ्यावरून इटलीच्या सार्डिनिया बेटाकडे चोरून जाणाऱ्या होडीत बसला, आणि पोचल्याचा फोन आलाच नाही. शेजारणी शोकाला यायच्या थांबल्या होत्या, कारण यम्मा, आमची आई, कुणाला उंबरा ओलांडू देत नव्हती. तो गेला हे ती मानेना, आणि तो आहे हे मला मानता येईना.

त्या दुपारी त्याचा लॅपटॉप मावसभावाला द्यायचा म्हणून मी तो रिकामा करत होते. बाहेर वाळवंटाचा गरम वारा, खिडक्या बंद, वीज गेलेली. आमचा गेम अर्धवटच राहिला होता. आळीपाळीनं चाल करायची, आम्ही दोघं एका बाजूला. नकाशा सगळा काळा. आपलं माणूस उभं असेल तेवढाच चौकोन उजळायचा, ते हललं की मागे पुन्हा अंधार. त्याला दिसेल ते मलाही दिसायचं. नकाशा उघडा ठेवू या म्हटलं की रऊफ चिडवायचा, "म्हातारे, सगळं आधीच दिसलं तर खेळायचं कशाला?"

गेममधली त्याची होडी भर समुद्रात होती. मी माझी चाल संपवली. पाळी त्याच्याकडे गेली. तो खेळल्याशिवाय ती परत यायला नको होती... पण आली. त्याच्या होडीचा उजेड एक चौकोन आमच्या किनाऱ्याकडे सरकला होता.

यम्मा कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. बिघाड असेल, मी म्हटलं. तिनं ऐकलंच नाही. पुढची चाल कर, म्हणाली. मग पुन्हा. उजेड सरकत राहिला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, शोरबा चढवायला हवा असं पुटपुटली.

मला ते बघवेना. मेलेल्या आशेला असं घास घास भरवत ठेवण्याचा मला राग येतो. मी सेटिंगमध्ये जाऊन अख्खा नकाशा उघडला. डोंगर, बंदरं, माझे सैनिक, लख्ख निळा समुद्र. होडी कुठेच नव्हती.

"बघ, यम्मा... कुणी नाहीये."

तिनं तळव्यानं स्क्रीन झाकली.

"झाक ते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर नाही यायचा तो."

मी नकाशा झाकला. काळोखात तो उजळलेला चौकोन होताच, आता आमच्या बंदराला लागून. मी कशालाही हात लावला नव्हता. तो बंदरात शिरला... आणि विझला. खोलीत डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला.

तेवढ्यात जिन्यातून खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई लल्ला घानिया यांचा आवाज आला.

"वीज आली का गं वर? आमच्या दारापुढचा दिवा लागला म्हणून बघायला आले, तर कुणीच नाही. तो विझला, आणि आता तुमच्या दारापुढचा लागलाय."