केबिनचं दार

मामांच्या मागच्या खोलीला जहाजाचं दार होतं. पाणबुड्या म्हणून काम करत असताना, तीस वर्षांपूर्वी, एका बुडालेल्या जहाजाच्या केबिनमधून त्यांनी ते उचलून आणलं होतं. पुढे कायदा आला, जहाज संरक्षित ठरलं, आणि जप्तीची नोटीस घेऊन आली ती त्यांचीच भाची. सागरी वारसा खात्यात ती निरीक्षक होती.

"आपलेच दात, आपलेच ओठ," मामा हसले.

"मुदतीत परत दिलंत तर खटला नाही, मामा."

"ने बाई एकदाचं," मामी म्हणाली. "ते आल्यापासून मी त्या खोलीत पाठ टेकलेली नाही."

दार जिथलं तिथंच बसवायचं, असं खात्यानं ठरवलं. ते नेमकं कुठल्या केबिनचं, हे एकट्या मामांना ठाऊक, म्हणून वय झालेलं असूनही त्यांना उतरवलं. सोबत खात्याचा पाणबुड्या, त्याच्या डोक्याला कॅमेरा. लख्ख ऊन होतं. पाऊण तासानं दोघं वर आले. मामांनी टॉवेल गुंडाळला, नोंदवहीत सही केली आणि "बसलं" एवढंच म्हणाले. तिनं फाईलवर शिक्का मारला : हात लावण्यास मनाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चित्रण तपासायला बसली. हिरवट पाणी, उडणारा गाळ, मामांचे हात. खालची बिजागरी आतून आवळायला ते केबिनमध्ये शिरले. दार त्यांच्यामागे अलगद लागलं.

अकरा मिनिटं कॅमेरा त्या दारासमोर होता. दार उघडलं नाही. मग कॅमेरा वळला. मामा दोराला धरून वर निघालेले दिसले.

तिनं पाणबुड्याला बोलावलं. "केबिनला दुसरी वाट आहे?"

"नाही." तो जमिनीकडे बघत राहिला. "पण मॅडम, माणूस वर आलाय ना?"

तिनं मामीला फोन लावला.

"बरे आहेत गं. पोटभर जेवले." मामीचा आवाज खाली आला. "फक्त मघाशी विचारत होते, आपल्याला मुलं किती म्हणून."

तिनं चित्रण पुन्हा लावलं. नवव्या मिनिटाला दाराची पितळी मूठ हळूच खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"प्रवाह असेल," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणीच नव्हतं.

ती साहेबांकडे धावली. दार उघडायची परवानगी हवी, आत्ता.

"समिती तीन महिन्यांनी बसते," साहेब म्हणाले. "आणि कारण काय लिहिणार? वर आल्याची त्यांची सही आहे. खाली शिक्का तुमचाच आहे."

ती बाहेर आली.

जिन्यात सामानाच्या खोलीचा कारकून भेटला. "बरं झालं भेटलात. तुमच्या मामांच्या सिलिंडरचा काटा बिघडलाय का, बघायला हवं," तो म्हणाला. "पाऊण तास खाली होते म्हणता, पण हवा भरून दिली तेवढीच्या तेवढी आहे."