भर दुपारचा दिवा

खडकाजवळ तरंगणाऱ्या बोयावर नवा दिवा बसवायचा, एवढंच मिस्त्रीचं काम होतं. जुन्याने दगा दिला होता. पक्ष्यांनी घाण करून त्याचं सौर पॅनल झाकून टाकलं, बॅटरी बसली, आणि त्याच अंधारात मिस्त्रीच्या बहिणीच्या नवऱ्याची होडी खडकावर फुटली. माणूस सापडलाच नाही.

"दादा, या वेळी नीट बघून घे," बहिणीने बजावलं होतं. आता तिचा मुलगाही समुद्रावर जाऊ लागला होता.

मिस्त्रीने निवडताना कसर ठेवली नाही. पॅनल मोठं, पक्षी बसू नयेत म्हणून वर काटे, आभाळ भरलेलं असलं तरी दम धरील अशी बॅटरी. सकाळीच जाऊन त्याने दिवा बसवला. उन्हात तो तपासायची रीत साधी. काचेवर, सेन्सरच्या जागी, तळवा दाबून धरायचा. दिव्याला वाटतं रात्र झाली, आणि तो लुकलुकायला लागतो. तळवा काढला की विझतो. स्वारी खूश होऊन परतली.

दुपारी धुकं उतरलं. पांढरंफेक, डोळे दिपवणारं. धक्क्यावर बहिणीशेजारी उभा मिस्त्री एकदम पुढे होऊन बोयाच्या दिशेने बघू लागला. एवढ्या उजेडात सेन्सरला दिवसच वाटणार, दिवा लागणारच नाही. धुक्याचा विचारच त्याने केला नव्हता, आणि भाचा अजून बाहेर होता.

"काय झालं रे?"

"काही नाही... येईल तो."

बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज आला. भाचा हसतच धक्क्यावर चढला.

"मामा, दिवा दिसला म्हणून वाचलो बघ. पण तिथं बसून राहायची काय गरज होती? एवढ्या हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. पाठमोरा, दिव्यावर हात ठेवून..."

"हा इथंच होता," बहीण म्हणाली. "माझ्याजवळ."

भाच्याचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मिस्त्री एकटाच बोयावर गेला. काचेवर मिठाचा तळवा उमटला होता. तो त्याने फडक्याने पुसला, मग रीतीप्रमाणे आपला हात ठेवला. दिवा लागला.

हात काढला. दिवा चालूच राहिला.

"भावोजी..." तो हळूच म्हणाला, "पोरगा आज घरीच आहे."

दिवा विझला. मिस्त्रीने डोळे पुसले आणि तो निघायला वळला. त्याची रिकामी होडी एका बाजूला कलली होती, आत कुणी येऊन बसावं तशी.