ओळीत सोडलेली जागा

संस्थेच्या अहवालात असे म्हटले आहे की, 'कु. रुपा उदेसिंग ही विद्यार्थिनी त्या सायंकाळी वसतिगृहात हजर होती. संगणकात जतन झालेली नोंद हा त्याचा निर्विवाद पुरावा आहे. त्यानंतर ती कोणासही न सांगता निघून गेली. यास संस्था जबाबदार नाही.'

विधान सुबक आहे. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

फक्त ते खोटे आहे.

ज्या संगणकाने रुपाला हजर ठरवले, त्यानेच त्या सायंकाळी कांजिण्यांनी आपल्या पाड्यावर पडून असलेल्या दोन बहिणींनाही हजर ठरवले होते. आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली एक मुलगीही त्याच्या मते हजर होती. इतकेच काय, दिवाळीच्या सुटीत, चुली थंड आणि खोल्यांना कुलपे असताना, या संगणकाने रोज सांजेला सगळ्या मुली ओळीने हजर असल्याचे लिहून ठेवले आहे. अहवाल लिहिणाऱ्यांपुढे ही पाने होती. त्यांनी ती जोडली नाहीत. निर्विवाद पुरावा असाच तयार होतो. वाद घालणारी पाने बाजूला काढावी लागतात.

पुढे जे सांगायचे आहे ते मात्र घडलेले आहे. अक्कलकुव्याहून डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत, गेल्या हिवाळ्यात. असल्या हकिकतींना मध्यरात्र लागते, असा समज आहे. इथे सांज पुरली.

प्रतिभा तिथे अधीक्षिका म्हणून रुजू झाली, तेव्हा रुपा जाऊन थोडेच दिवस झाले होते. प्रतिभा प्रकाशा गावची, घरची तापीकाठची शेती. नेमणूक हंगामी. ती कायम करणे संस्थेचे सचिव बन्सीलालशेठ यांच्या मर्जीवर होते, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत एक कागद पुढे सरकवला होता. संगणकातील हजेरी खरी असल्याचे अधीक्षिकेचे प्रमाणपत्र.

"घाई नाही, ताई," ते म्हणाले होते. "नीट रुळा. मग सही करा. दोन्ही कागद एकदमच करून टाकू."

दुसरा कागद कोणता, हे सांगायची गरज नव्हती.

तिच्याआधी अधीक्षिकेची जागा बराच काळ रिकामी होती. ते काम लिपिक गोपाल पाहत असे. पाहत असे म्हणजे काय, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळले.

पहिल्या सांजेला ती नावांची वही घेऊन ओसरीवर आली. मुली थाळ्या छातीशी धरून जेवणाच्या ओळीत उभ्या होत्या. तिने पहिले नाव घेतले.

मुलगी बोलली नाही. तिने बोटाच्या पेराने थाळीची कड वाजवली.

टण.

दुसरे नाव. टण. तिसरे. टण.

स्वयंपाकघराच्या दारातून तुळशीबाई हसली. ती तिथली जुनी स्वयंपाकीण. "ताई, लहान्या पोरी बोलाले लाजतस. घरनी बोली येगळी, आठली येगळी. म्हनीसन मीच सांगेल व्हतं, तोंड नका उघडा, थाळी वाजाडा. गोपालभाऊनी ते बंद करी टाकं. त्यास्ना कान दुखेत."

प्रतिभालाही हसू आले. शेवटचे नाव झाले. शेवटची थाळी वाजली. तिने वही मिटली.

...ठण.

आणखी एक.

हा आवाज निराळा होता. बसका. चेपलेल्या थाळीचा.

तिने ओळीवरून नजर फिरवली. मधे एका मुलीपुरती जागा मोकळी होती. "पुढे सरका ग," ती म्हणाली.

कोणी सरकले नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती फाटकालगतच्या कार्यालयात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली.

खुर्ची रिकामी होती. खोलीत कोणी नव्हते. पडद्यावर मात्र हजेरीचा तक्ता उघडला होता... आणि एकेका नावापुढे आपोआप अक्षरे उमटत होती.

हजर. हजर. हजर.

"घाबरू नका मॅडम," मागून गोपालचा आवाज आला. त्याच्या हातात चहाचा पेला होता. "भूत नाही. मॅक्रो आहे."

त्याने कौतुकाने समजावले. रोज तेच तेच टंकायचा कंटाळा आला, म्हणून एकदा त्याने हाताने सगळे केले आणि संगणकाला ते लक्षात ठेवायला लावले. आता सांज झाली की तो आपणच तक्ता उघडतो, भरतो, सेव्ह करतो, बंद करतो. "माझ्यापेक्षा इमानदार नोकर. रजा मागत नाही, चहा मागत नाही."

"आणि एखादी मुलगी नसली तर?"

"त्याला कसं कळणार, मॅडम?"

"तुम्हाला?"

गोपाल चहा फुंकत राहिला.

पडद्यावरचा चौकोन खाली खाली सरकत होता. मधेच, दोन नावांच्या सीमेवर, तो थांबला. तिथे ओळ नव्हती. रुपाचे नाव चौकशी लागली तेव्हाच काढून टाकले होते. तरी तो तिथेच लुकलुकत राहिला, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा...

बाहेर ओसरीवर थाळी वाजली.

ठण.

चौकोन पुढे सरकला.

गोपालचा पेला ओठांपाशीच राहिला होता. "जुना संगणक आहे," तो म्हणाला. "अडकतो."

प्रतिभाने तिथल्या तिथे त्याला तो मॅक्रो पुसायला लावला. त्याने तोंड वाकडे करून पुसला. यापुढे हजेरी ओसरीवर घ्यायची आणि मग हाताने भरायची, असे ठरले.

पुढच्या सांजेला ती वही घेऊन संगणकापुढे बसली. तक्ता उघडला.

सगळे रकाने कोरे होते. तसेच असायला हवे होते.

एक सोडून.

काढलेली ओळ आपल्या जागी परत आली होती. रुपा उदेसिंग. पुढे एकच शब्द.

हजर.

"बॅकअपमधून आलं असेल," गोपाल म्हणाला. त्याने ओळ पुसली, सेव्ह केले, बंद करून पुन्हा उघडले.

होती.

त्याने पुन्हा पुसली. पुन्हा होती. त्याची बोटे आता कळांवर आपटत होती. शेवटी तो उठला आणि त्याने भिंतीतली वायर हिसकून काढली. पडदा काळा झाला. वायर हातात धरून तो उभाच राहिला. ती खाली ठेवायची की नाही, हे त्याला सुचत नव्हते.

काळ्या पडद्यापलीकडून, ओसरीवरून...

ठण.

यंत्राचा दोष म्हणून सोडून द्यावे, इतकी शिकलेली प्रतिभा नक्कीच होती. सोडताही आले असते. पण त्या मोकळ्या जागेशेजारी मोहिनी नावाची पाचवीतली मुलगी रोज उभी राहत असे, आणि प्रतिभाने तिला विचारले, "तू पुढे का नाही सरकत?"

"तिथं रुपा असती ना, बाई."

मोहिनीने हे पाण्याचा माठ कुठे आहे, हे सांगावे तसे सांगितले.

"कोण असते?"

"रुपा. ती रोज वाजवती. म्हणून आम्ही जागा सोडतो."

"कधीपासून?"

मोहिनीने जरा आठवले. "तिचा बा आलता ना फाटकावर. संध्याकाळी. तवापासून."

प्रतिभाला अहवाल तोंडपाठ झाला होता. त्यात रुपाचा बाप त्या सायंकाळी फाटकावर आल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

तो खरेच आला होता का, हे विचारायला ती तडक स्वयंपाकघरात गेली. तुळशीबाई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"उना व्हता उदेसिंग. पोरले दुपारपासूनच ताप व्हता. कोनले सांगाव? बाई नही, गोपालभाऊ झोपेल. ती निंघनी पायीपायी घर जावाले. जीपवालानी उदेसिंगले सांगं, घाटमा तुन्ही पोरसारखी कोनतरी दिखनी. तो पयतच उना आठे इचाराले."

"मग?"

"मंग काय. गोपालभाऊसंगे बोलना आनि वापस गया. काय बोलनात, माले आयकू नही उनं." भाकरी तव्यावर पडली. "हासत गया पन. ते मी देखं."

हसत गेला.

ज्याची मुलगी तापाने फणफणत घाटात होती, तो बाप हसत परत गेला, त्याच रस्त्याने. रस्त्याच्या जरा खाली मोहाच्या झाडाच्या बुंध्याशी रुपा पडली होती. पुढे शेळ्या चारणाऱ्या बायांना ती सापडली. तिने पहाटेपर्यंत तग धरला असावा, असे डॉक्टरांनी लिहिले आहे. उदेसिंग त्या झाडाजवळूनच घरी गेला. मुलगी बेपत्ता आहे, असे समजणारा बाप प्रत्येक झाडाखाली डोकावतो. मुलगी हजर आहे, असे समजणारा सरळ चालत राहतो.

त्याला कोणी काय सांगितले होते, एवढेच आता राहिले होते. उदेसिंगचा जबाब कोणी घेतलाच नव्हता. त्याला मराठी नीट येत नाही, हे कारण अहवालात दिले आहे.

बन्सीलालशेठ आले, तो अक्कलकुव्याच्या बाजाराचा दिवस होता. दिवस कलला होता. त्यांनी जीप फाटकातून आत घेतली आणि ओसरीवरच खुर्ची मागितली.

"झाली का सही?"

"एकदा हजेरी बघा, मग बोलू," प्रतिभा म्हणाली.

"हजेरी काय बघायची? संगणकात आहे की."

"संगणक बंद आहे. वायर काढून ठेवली आहे."

बन्सीलालशेठ हसले. "बघू तर. तुमची हौस."

मुली ओळीत उभ्या राहिल्या. गोपाल खांबाला टेकून उभा होता. प्रतिभाने नावे घ्यायला सुरुवात केली. टण. टण. टण. शेठचे बोट खुर्चीच्या हातावर ताल धरू लागले.

मोकळ्या जागेपाशी ती थांबली. हे नाव तिने आजवर कधी घेतले नव्हते. तिच्या वहीत ते नव्हतेच.

तिने वही मिटली आणि ते घेतले.

"रुपा उदेसिंग."

कोणी हलले नाही. सगळ्या थाळ्या छातीशी होत्या. सगळी बोटे दिसत होती. चुलीतला जाळसुद्धा आवाज करीनासा झाला...

ठण.

शेठचे बोट थांबले. "कोणी वाजवली?"



"थट्टा चालवली काय? कोणाची थाळी चेपलेली आहे? दाखवा."

मुलींनी एकेक करून थाळ्या पुढे केल्या. सगळ्या सपाट. सगळ्या धड.

"तिन्ही थाळी आठे नही, शेठ," तुळशीबाई दारातून म्हणाली. "पेटीसंगे तिना बाप घर ली गया."

तेव्हा फाटकाची कडी वाजली.

उदेसिंग तिथे उभा होता. दर बाजाराला तो यायचा, फाटकाबाहेर उकिडवा बसायचा, मुलींनी दिलेले पाणी प्यायचा आणि काही न बोलता जायचा. आज तो उभा होता. त्याच्या काखेत फडक्यात बांधलेले काहीतरी होते. फडक्यातून चेपलेली कड बाहेर आली होती.

त्याने कोणाकडेही न बघता, फक्त गोपालकडे बघून, विचारले.

"भाऊ, मन्ही पोर शे का?"

गोपालने तोंड उघडले. 'नही' हा शब्द सोपा आहे. त्याच्या ओठांवर तो आलेलाही दिसला.

...ठण.

ओळीतून. मोकळ्या जागेतून. उदेसिंगच्या काखेतली थाळी जराही हलली नव्हती.

उदेसिंगने मान कलती करून तो आवाज ऐकला, ओळखीचा शब्द ऐकावा तसा. त्याला आश्चर्य वाटले नाही.

गोपाल खांबाशी खाली बसला.  मग त्याने प्रतिभाकडे कागद मागितला.

बन्सीलालशेठ तोवर जीपपर्यंत पोचले होते. "ताई, डोंगरातल्या हवेने माणसाला भास होतात," एवढे ते म्हणाले. त्यांनी दिवे न लावताच गाडी फाटकाबाहेर काढली. तोही हवेचाच परिणाम असावा.

प्रमाणपत्रावर सही झाली नाही. प्रतिभाची नेमणूक कायम झाली नाही. ती सत्र संपेपर्यंतच तिथे आहे. अहवाल मात्र कायम आहे. गोपालचा जबाब तिने चौकशी अधिकाऱ्यांना पाठवला. त्यावर पोच आली, उत्तर आलेले नाही. संगणक कोठारात गोणपाटाखाली पडून आहे. अधूनमधून सांजेला त्या गोणपाटाखाली फिकट उजेड दिसतो, असे तुळशीबाई सांगते. प्रतिभा तिकडे जात नाही.

हजेरी ती अजून ओसरीवर घेते. शेवटी ते नाव घेते, आणि थांबते. आवाज येतो. सत्र संपल्यावर ते नाव कोण घेईल, आणि कोणी घेतलेच नाही तर काय होईल, या विचाराने तिला झोप लागत नाही.

गोपालचा जबाब असा आहे. एकही अक्षर बदललेले नाही.

'मी गोपाल लिहून देतो की त्या दिवशी सायंकाळी उदेसिंग फाटकावर आला व म्हणाला मन्ही पोर शे का. मी खुर्चीवरून उठलो नाही. पडद्यावर तिच्या नावापुढे हजर आले होते. ते तिला बघून आलेले नाही हे मला माहीत होते कारण ते मीच बसवले होते. मी त्याला सांगितले हाजर शे, घर जाय. तेवढ्यात आत थाळी वाजली. तो म्हणाला थाळी तिन्हीच शे, आणि हसला, आणि गेला. थाळ्या वाजवणे मी कधीचेच बंद केले होते. हे मला तेव्हाही आठवले. तरी मी आत जाऊन बघितले नाही.'