शिराळ्याच्या नागाची बरणी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे सांगलीत खरंच घडलंय. आणि रात्री-बित्री नाही. नागपंचमीच्या भर दुपारी, एका कॉलेजच्या जुन्या संग्रहालयात.

ते संग्रहालय संयोगिता सांभाळते. माहेर शिराळ्याचं. परजातीत लग्न केलं म्हणून तिच्या भावानं, जयराजनं, तिला घराचं दार कायमचं बंद केलं होतं. त्या रागानं भावासाठी दरवर्षी धरायचा उपवास तिनं यंदा मोडला. वर सुट्टीच्या दिवशी हट्टानं कामाला आली.

टेबलावर काचेची बरणी होती. आत नाग. शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबानं शास्त्रासाठी म्हणून शिराळ्यातून उचललेला. बरणीतलं स्पिरिट आटून फणा उघडा पडला होता. झाकण उघडून नवं भरायचं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"आज काय चिरू-कापू नगंस, बाई. तुज्या बरणीतला त्यो नाग सायबानं आपल्याच दारातनं न्हेला. पूजेच्या पाटावरनं! तुज्या पणजीनं भाऊ मानल्याला त्याला."

संयोगिताचं डोकं फिरलं.

"मला भाऊ न्हाई. मेला त्यो!"

फोन आपटून तिनं झाकणाच्या मेणात ब्लेड घातलं. झाकण निघालं... आणि ब्लेड सटकून नागाच्या गळ्यावर उतरलं.

चिरेतून एक थेंब आला...

लाल.

खिडकीतली कबुतरं एकदम गप्प झाली.

आणि बरणीच्या आत कुणीतरी श्वास ओढला...

पुन्हा फोन. आई किंचाळत होती.

"आगं, जयराज! दिंडं खाता खाता गळा धरून पडला! रगात येतंय... श्वास घावंना त्याला!"

संयोगिताला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं स्पिरिटचा कॅन उचलला आणि बरणी काठोकाठ भरली.

फोनमधली घरघर थांबली...

"घेतला गं श्वास," आई रडत म्हणाली.

गळ्याला काय लागलं, ते डॉक्टरांना आजही सांगता येत नाही. जयराजचा आवाज गेला तो गेलाच. बहिणीला घरात घ्यायचं का म्हटलं, की अजूनही मान हलवून नाहीच म्हणतो.

संयोगिता त्या खोलीची किल्ली कुणाला देत नाही. झाकण कितीही घट्ट लावा, बरणीतलं स्पिरिट उतरतंच. आणि ते उतरलं, की तिकडे जयराजला श्वास पुरत नाही.

कधी ती लगेच भरते.

कधी मुद्दाम थांबते... आणि बरणीला कान लावून बसते.