या जेवायला

सोमेश्वर त्या दिवशी अंबडच्या बाजारात शेंगदाणे आणायला गेला होता. अप्पारावांनी गोष्ट सुरू केली ती इथून.

वडीगोद्रीत तेव्हा लाईट गेली होती. अंगणात बाजेवर अप्पाराव, खाली सतरंजीवर त्यांची नात तृप्ती आणि पुतण्याचा मुलगा प्रितम. तृप्तीचं लग्न तोंडावर आलेलं. लग्नानंतर परदेशात कुठं जायचं म्हणून दोघं मोबाईलवर हॉटेलांचे फोटो बघत होती. एका फोटोत समुद्राकडं तोंड केलेली गॅलरी होती. अप्पारावांनी तो फोटो पुन्हा मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि मोबाईल बंद करायला लावला. सोमेश्वर त्यांच्या साडूचा मुलगा. हे ऐकीव नाही, घरातलं आहे, हे त्यांनी आधी सांगून टाकलं.

तर शेंगदाणे. सोमेश्वरचं अंबडला बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान. एका वर्षी विक्री चांगली झाली म्हणून बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांना थायलंडला फिरवून आणलं होतं. तिथलं समुद्रकाठचं हॉटेल त्याच्या मनात असं भरलं, की पुढं दर हिवाळ्यात तो स्वतःच्या खर्चानं बायकोला, मीनाला, घेऊन तिथंच जायचा. खोलीही तीच मागून घ्यायचा. परीटघडीच्या चादरी, पाय रुतेल असा गालिचा, दार सरकवलं की समोर नुसतं पाणी. मीनाला त्या थाटाचं फार नव्हतं. तिला एकाच गोष्टीचं सुख होतं. अंबडच्या घरी दुकानाची माणसं, खेड्यावरून आलेली गिऱ्हाइकं, सोयरे, कुणी ना कुणी पंगतीला असायचंच. तिथं आठ दिवस दारात कुणी येत नव्हतं.

हॉटेलातलं खाणं मात्र तिला जात नसे. म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटायची, धपाट्यांचा डबा भरायचा आणि संध्याकाळी गॅलरीत पेपर अंथरून दोघांनी मांडी घालून जेवायचं, असा त्यांचा रिवाज.

त्या खेपेलाही पहिल्या संध्याकाळी तसेच बसले होते. खाली वाळूत एक माणूस उभा होता. मांड्यांपर्यंत भिजलेला. वर त्यांच्याकडं बघत होता.

आपल्याकडं घास हातात असताना कुणाची नजर पडली तर तोंड आपोआप बोलतं. सोमेश्वर म्हणाला, "या जेवायला."

आपला माणूस असता तर "बसा, चालू द्या" म्हणून पुढं गेला असता. बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तो वळला आणि जिन्याकडं चालू लागला.

मीना हसली. त्याला मराठी तरी कळतं का, म्हणाली. दोघांनी थोडी वाट पाहिली. कुणी आलं नाही. वाळूही मोकळी होती. जेवले, झोपले.

दुसऱ्या संध्याकाळी मीनानं तिसरा पेपर अंथरला. त्यावर ताट ठेवलं. धपाटं वाढलं, चटणी वाढली, आणि पदर सावरून बाजूला बसली. तिच्या स्वतःच्या ताटात काहीच नव्हतं.

सोमेश्वरला चेष्टा वाटली. तू घे की, म्हणाला.

"पाव्हण्यांचं होऊ द्या आधी," मीना म्हणाली. "तुम्हीच बोलावलं न्हवं."

घरी ती पाहुणे उठल्यावरच जेवायची. आपण उठून गेल्यावर तिनं काय खाल्लं, खाल्लं की नाही, हे सोमेश्वरनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. आता तो पाहत बसला. त्याची नजर जरा वळली की तिसरं ताट रिकामं दिसायचं. मीना परत वाढायची. आठ दिवसांचा डबा त्या एका बैठकीत संपला. मग ती खालून आणलेला पाव वाढू लागली.

स्वतः मात्र घोट घोट पाण्यावर.

सकाळी त्यानं फळं कापून आणली, हाता-पाया पडला. त्यांचं चालूय अजून, एवढंच ती म्हणायची. त्यानं खोली बदलून घेतली. नव्या खोलीतही तिनं तिसरा पेपर अंथरला. तिथं झाडायला आलेली बाई दारातच थबकली. रिकाम्या पेपराकडं बघून तिनं हात जोडले आणि पाठ न दाखवता मागं मागं निघून गेली.

सोमेश्वरनं परतीचं तिकीट अलीकडं घेतलं. शुक्रवारी सकाळचं मिळालं. मीनाचे ओठ फुटले होते, भिंतीला धरून उठत होती. एवढी एक रात्र काढायची आणि तिला विमानात बसवायचं. बाकी त्याला काही नको होतं.

ती रात्र गुरुवारची. दोन हजार चोवीस, अकरा जानेवारी. अमावस्या. हॉटेलात सगळीकडं दिवे लखलखत होते, खाली कुठंतरी गाणी चालू होती. गॅलरीत तीन ताटं.

भरल्या ताटावरून माणसाला उठवणं, हे सोमेश्वरच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. वैऱ्यालाही नाही. त्या रात्री त्यानं केलं. रिकाम्या जागेपुढं हात जोडले.

"पोट भरलं असंल तर उठा आता. माझी बायको उपाशी हाय."

काही नाही.

"पाया पडतो... उठा."

खालची गाणी थांबली...

मग ताटात पाणी पडल्याचा आवाज आला. कुणी ताटातच हात धुवावा, तसा. तांब्या सोमेश्वरजवळ होता. भरलेला. कुणी हात लावला नव्हता.

तिसरं ताट पाण्यानं भरत गेलं. काठोकाठ.

सोमेश्वरला रडू आलं. सुटलो, असं वाटलं. त्यानं पाव तोडून मीनापुढं धरला.

मीना उठली. भिंत न धरता उठली. डोक्यावर पदर घेतला.

"पाव्हण्यांना पोचवून येते," ती म्हणाली. "त्यांना एकट्यानं जाऊ देणं बरं दिसतं का?"

त्यानं उठायचं केलं. पाय उचलेना. हाक मारायची केली... निघेना. हातात घास तसाच.

दार उघडलं. बराच वेळ उघडं राहिलं. दोन माणसांना जायला लागतो, तेवढा वेळ.

मग लागलं.

जिन्यावरच्या कॅमेऱ्यात मीना दिसते. एकटी. अर्धं पाऊल मागं राहून, मान खाली घालून चाललेली, जशी वडीलधाऱ्याबरोबर बाई चालते. मधेच काही बोलते. मधेच हसते. वाळूपर्यंत दिसते... पुढं कॅमेरा नाही.

तिथल्या पोलिसांनी शोधलं, होड्या घातल्या. काही हाती लागलं नाही. सोमेश्वर एकटा परत आला.

अप्पाराव थांबले. लाईट अजून आली नव्हती. प्रितमनं हळूच विचारलं, आता कसे आहेत ते.

अप्पाराव मागच्या महिन्यात कोर्टाच्या तारखेसाठी अंबडला गेले होते, तेव्हा रात्री त्याच्याकडंच उतरले. सोमेश्वर जेवत होता. दारात अप्पाराव दिसले, तशी त्यानं मान खाली घातली. या जेवायला म्हणाला नाही. अप्पारावांनी मनावर घेतलं नाही. बाहेरून खाऊन आले आणि दाराजवळच अंथरूण टाकलं.

पहाटे तेच आधी उठले. आतली कडी त्यांनीच काढली.

"उंबरा धुतलेला व्हता," ते म्हणाले. "त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं. बाहेरच्या बाजूनं लावलेली."

कामवाली लावत असेल, तृप्ती म्हणाली.

"कामवाली न्हाई, बाई. त्या घरात आता बाईमाणूसच न्हाई."

अप्पारावांनी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासलं.

"मी बोट लावून पाह्यलं. ओलं व्हतं..."